माळ्यावरची काळी पेटी : जुन्या क्लॅरिओनेटची पारख

लग्नसराईच्या दिवसांत हुबळीच्या कमरीपेठेतून वरात निघाली, की तिची वर्दी डोळ्यांच्या आधी कानांना मिळते. ढोलाचा दणका दुरून येतो, ट्रंपेटचा गजर घरांच्या भिंतींवर आदळतो. पण गाण्याची चाल ज्याच्या मुखातून नेमकी उमटते, ते वाद्य निराळेच असते. काळ्या अंगाचे, रुपेरी चाव्यांचे, दीड हात लांबीचे हे वाद्य म्हणजे क्लॅरिओनेट. ते माणसासारखे गाते. म्हणूनच ते लग्नात हसविते आणि अंत्ययात्रेत डोळे ओले करते.

हुबळी असो, बेळगाव असो, गोवा असो की वसईकडील ख्रिस्ती गावे असोत, ज्या घरातील आजोबा किंवा पणजोबा कधीकाळी बँडमध्ये वाजवीत होते, त्या घराच्या माळ्यावर एखादी लांबट काळी पेटी सापडण्याचा संभव असतो. तिच्यातले मखमली अस्तर झिजलेले असते, चाव्या काळवंडलेल्या असतात, बुचाचे पट्टे सुकून गळून पडलेले असतात. घरात आता ते वाद्य कोणास वाजविता येत नाही. मग एके दिवशी जुने सामान घेणारा दाराशी येतो. "आजी, मोडके लाकूड आहे हे, याचे काय द्यायचे?" असे म्हणून तो हातावर चार नोटा ठेवतो आणि पेटी उचलून नेतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. चर्चच्या गायकवृंदाबरोबर वाजविण्याची हौस एखाद्या मुलास लागते. आईबाप पोटाला चिमटा घेऊन जुन्या बाजारातून क्लॅरिओनेट आणतात. वाद्यावर लंडनचे नाव कोरलेले असते, म्हणून सर्वांस आनंद होतो. पण तो आनंद पहिल्या सरावापर्यंतच टिकतो.

वाचकहो, या दोन्ही प्रसंगी जो ठकतो तो अज्ञानाने ठकतो. म्हणून जुन्या, विशेषतः व्यावसायिक वादकांसाठी घडविलेल्या क्लॅरिओनेटची पारख कशी करावी, हे आज समजून घेऊ. त्यासाठी संगीतशास्त्री असावे लागत नाही. डोळे, कान, शिवणकामाची एक फीत आणि थोडा धीर एवढे साहित्य पुरे.

हे वाद्य आपल्या दारी आले कसे?

क्लॅरिओनेटचा जन्म जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरात इ. स. १७०० च्या सुमारास झाला. योहान क्रिस्टॉफ डेनर नावाच्या कारागिराने जुन्या, साध्या पाव्यासारख्या वाद्यात सुधारणा करून ते घडविले, असे मानतात. पुढे शंभर वर्षांत युरोपच्या वाद्यवृंदांत आणि लष्करी बँडांत त्यास मानाचे स्थान मिळाले.

आपल्याकडे ते प्रामुख्याने पलटणींबरोबर आले. बेळगावची छावणी हुबळीपासून फार दूर नाही. इंग्रजांच्या अमदानीत अशा छावण्यांतून पलटणींचे बँड असत आणि त्यांची वाद्ये विलायतेहून येत. वाद्ये जुनी झाली, की ती मोडीत निघत आणि तेथून लग्नाच्या बँडवाल्यांच्या हाती पडत. दुसरी वाट गोव्याची. पोर्तुगीज काळी गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास व वाद्य वाजवावयास शिकवीत. तेथे तयार झालेले कित्येक वादक पोटापाण्यासाठी घाट ओलांडून पलटणींच्या, संस्थानिकांच्या आणि पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदरापासून कॅसलरॉक, लोंढा या मार्गाने रेल्वे झाली, आणि हुबळी हे तर रेल्वेच्या कारखान्यांचे गाव. माणसांबरोबर वाद्यांच्या पेट्याही या वाटेने आल्यागेल्या असणार, यात नवल ते काय?

बँडपुरतेच हे वाद्य राहिले, असेही नाही. आपल्याच कर्नाटकातील रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी यांनी क्लॅरिओनेटवर हिंदुस्थानी राग वाजवून नाव मिळविले. तामिळनाडूचे ए. के. सी. नटराजन यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजविले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

ख्रिस्तसभेचा या वाद्याशी संबंध थोडा दुरूनच राहिला. संत दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी आज्ञापत्र काढले. त्यात त्यांनी मंदिरात बँड वाजविण्यास मनाई केली. फुंकवाद्ये मर्यादेने व महागुरुस्वामींच्या संमतीनेच वापरावीत आणि मंदिराबाहेरील मिरवणुकांत महागुरुस्वामींना बँडला परवानगी देता येईल, असे सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६७ सालच्या सूचनापत्राने, उपासनेत इतर वाद्यांना अधिक वाव मिळाला. म्हणून आजोबांचे जे क्लॅरिओनेट सणाच्या मिरवणुकीत वाजत असे, ते आज नातू मिस्साबलिदानाच्या गायनास साथ म्हणून वाजवू इच्छितो. आणि येथेच पहिली अडचण उभी राहते.

पहिली परीक्षा : पट्टीची

असे चित्र डोळ्यांपुढे आणा. मुलगा लंडनचे नाव असलेले क्लॅरिओनेट घेऊन सरावाला बसला आहे. हार्मोनियम सुरू होते, तो फुंकर घालतो, आणि सर्वांच्या कपाळाला आठ्या पडतात. स्वर जुळत नाही. मास्तर म्हणतात, "अरे, नीट ऐक!" मुलगा ओठ आवळतो, ढिले करतो, घामाघूम होतो. महिना जातो, दोन महिने जातात. अखेर सगळ्यांचे एकमत होते, की पोराला कान नाही. पेटी पुन्हा माळ्यावर जाते, आणि आपल्याला संगीत येणार नाही अशी गाठ त्या मुलाच्या मनाला जन्मभराची बसते.

मुलाचा अपराध काय? काही नाही. अपराध वाद्याचाही नाही. ते वाद्य आजच्या पट्टीसाठी घडविलेलेच नव्हते.

ही गोष्ट नीट समजून घ्यावयास हवी. एका सेकंदात हवेला किती कंप मिळतात यावरून स्वराची उंची मोजतात. आज जगभर ४४० कंपांचा 'ए' स्वर, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी सहा, प्रमाण मानतात; १९३९ साली लंडन येथील परिषदेत ते ठरले. पूर्वी असा मेळ नव्हता. फ्रान्सने १८५९ सालीच ४३५ कंपांचे प्रमाण ठरविले होते. परंतु इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पट्टी चढत चढत सुमारे ४५२ कंपांपर्यंत गेली. मोठ्या वाद्यवृंदांनी त्या शतकाच्या अखेरीस ती उतरविली. लष्करी बँडांनी मात्र १९२०-३० या दशकाच्या अखेरीपर्यंत उंच पट्टीच चालविली, आणि इंग्लंडातील पितळी वाद्यांचे बँड तर १९६० नंतरही काही काळ तिलाच धरून होते. आपल्याकडे पलटणींतून आलेली जुनी वाद्ये म्हणूनच बहुधा उंच पट्टीची निघतात.

सर्वसाधारण क्लॅरिओनेट 'बी फ्लॅट'चे असते. डाव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे यांनी भोके बंद करून फुंकले असता त्यातून आपल्या पेटीची काळी पाच वाजली पाहिजे. उंच पट्टीच्या वाद्यातून निघणारा स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध पडतो. दोन पट्ट्यांच्या फटीत सापडलेला हा स्वर कोणत्याही गाण्याला जुळणार तरी कसा?

परीक्षा घेताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, वाद्य पाच-दहा मिनिटे वाजवून ऊबदार झाले, म्हणजे मगच स्वर तपासावा. थंड वाद्य उतरलेले बोलते. दुसरे, माउथपीसखालचा आखूड तुकडा, ज्यास बॅरल म्हणतात, तो पूर्ण आत बसलेला असावा. तिसरे, घरातील जुन्या हार्मोनियमवर आंधळा विश्वास ठेवू नये. तिची पट्टीही चढलेली वा उतरलेली असू शकते. हल्ली स्वर मोजण्याची सोय मोबाइलमध्ये सहज मिळते. ती ४४० वर ठेवून पाहावे.

वाजविणारा कोणी नसेल, तर फीत घ्यावी. माउथपीस काढून बाकीचे वाद्य जोडावे आणि बॅरलच्या वरच्या कडेपासून खालच्या घंटेच्या काठापर्यंत लांबी मोजावी. आजच्या पट्टीचे 'बी फ्लॅट' वाद्य साधारण ५९ ते ६० सेंटीमीटर भरते. उंच पट्टीचे सुमारे २ सेंटीमीटरांनी आखूड असते. लांबी ६३-६४ सेंटीमीटरांच्या घरात असेल, तर ते 'ए' पट्टीचे वाद्य असण्याचा संभव अधिक. मोठ्या वाद्यवृंदातील वादक 'बी फ्लॅट' आणि 'ए' अशी जोडी बाळगतात. पुष्कळदा वाद्यावरच रोमन लिपीत 'एच पी' किंवा 'एल पी' ही अक्षरे कोरलेली असतात. पहिल्याचा अर्थ उंच पट्टी, दुसऱ्याचा उतरती पट्टी. बाणाच्या टोकासारखे चिन्ह दिसले, तर ते वाद्य एके काळी इंग्रज सरकारच्या मालकीचे होते असे समजावे.

"बॅरल थोडे बाहेर ओढले, की पट्टी उतरते ना?" असे विक्रेता म्हणेल. उतरते खरी, पण सारखी नाही. वाद्यावरील प्रत्येक भोकाची जागा एका ठरावीक पट्टीच्या हिशेबाने आखलेली असते. वरून लांबी वाढविली, की वरच्या भोकांचे स्वर फार उतरतात आणि खालच्यांचे थोडेच. मग एक स्वर जुळला, तर दुसरा रुसतो. एवढा मोठा फरक कोणत्याही कारागिरास नीट बुजविता येत नाही. म्हणून मुलासाठी वाद्य घेताना ही परीक्षा सर्वांत आधी घ्यावी. हिच्यात जे नापास झाले, त्याचे नाव कितीही मोठे असो, ते मुलाच्या हाती देऊ नये.

नाव, आकडा आणि घराणे

पट्टीची परीक्षा उतरली, की वाद्याची कुंडली पाहावी. वरच्या तुकड्यावर, खालच्या तुकड्यावर आणि घंटेवर निर्मात्याचे चिन्ह असते. खडूची बारीक पूड अलगद चोळली, तर झिजलेली अक्षरेही उमटून दिसतात. वाद्याचा क्रमांक बहुधा दोन्ही मोठ्या तुकड्यांवर असतो. दोन्हीकडचे आकडे निराळे असतील, तर दोन वाद्यांचे तुकडे जोडून एक वाद्य केले असण्याची शंका घ्यावी. अनेक निर्मात्यांच्या क्रमांकांच्या याद्या उपलब्ध आहेत. त्यांवरून वाद्याचे साल ठरविता येते.

आपल्याकडे अधिक आढळणारे घराणे इंग्लंडचे. लंडनच्या बूझी आणि हॉक्स या दोन जुन्या कंपन्या १९३० साली एक झाल्या. म्हणून ज्यावर दोन्ही नावे एकत्र कोरलेली आहेत, ते वाद्य त्या सालानंतरचे. या कंपनीची '१०१०' नावाची जात सर्वश्रेष्ठ वादकांसाठी होती. इंग्लंडचे विख्यात वादक जॅक ब्रायमर तीच वाजवीत. तिच्या खालोखाल 'इंपीरियल ९२६' ही जात. 'एम्परर' मध्यम प्रतीची, आणि 'एजवेअर' व 'रीजंट' ही शिकाऊ मुलांसाठी. सर्वांवर कंपनीचे नाव तेच. मोलात मात्र जमीनअस्मानाचे अंतर! '१०१०'ची आतली पोकळी इतर वाद्यांहून रुंद, सुमारे १५.२ मिलिमीटर असते. तिला तिचाच माउथपीस लागतो. दुसरा लावला, तर वरचे आणि खालचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून '१०१०' विकत घेताना मूळचा माउथपीस पेटीत आहे का, हे अवश्य पाहावे.

दुसरे घराणे फ्रान्सचे. ब्यूफे क्रांपाँ या पॅरिसच्या कंपनीचे, १९५० नंतरच्या दशकात पुढे आलेले 'आर १३' वाद्य आजही जगातील असंख्य व्यावसायिक वादकांच्या हाती आहे. जुन्या वाद्यांवर 'आर १३' ही अक्षरे बहुधा कोरलेली नसतात. त्यामुळे ती नाहीत म्हणून वाद्य हलके, असे समजू नये. क्रमांकावरूनच निर्णय करावा. याच घराण्याची 'एव्हेट' नावाची नंतरच्या काळातील वाद्ये मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी होती. पॅरिसच्याच सेल्मर कंपनीची, १८८५ साली स्थापन झालेल्या या घराण्याची, 'सेंटर्ड टोन' व 'सीरीज ९' ही वाद्ये पहिल्या प्रतीची; 'बंडी' हे अमेरिकेतील शाळकरी मुलांचे प्लास्टिकचे वाद्य. लब्लांक घराण्यात 'नोब्ले' मध्यम, तर 'व्हिटो' शाळकरी.

आणखी एक गोष्ट. पूर्वी कित्येक दुकानदार कारखान्यातून वाद्ये घेऊन त्यांवर आपलेच नाव कोरवून घेत. अशा वाद्यांत चांगलीही असतात आणि अगदी सामान्यही. तेथे नावाकडे न पाहता घडणीकडेच पाहावे लागते. आपल्या देशात बँडच्या वाद्यांसाठी मेरठचा जलीकोठी मोहल्ला प्रसिद्ध आहे. देशी वाद्य म्हणून नाक मुरडू नये; परंतु त्यासही हीच सारी परीक्षा लावावी.

कड्या मोजा

क्लॅरिओनेटच्या भोकांभोवती धातूच्या कड्या असतात. मागची, अंगठ्याची कडी धरून त्या सहा असतील आणि चाव्या सतरा असतील, तर ते वाद्य बोम रचनेचे. पॅरिसमध्ये क्लोझे नावाचे वादक व ब्यूफे नावाचे कारागीर यांनी १८३९ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. आज आपल्याकडे नव्याने शिकणारे बहुतेक याच रचनेवर शिकतात.

कड्या दोन किंवा चार असतील आणि चाव्या तेरा-चौदा असतील, तर ती जुनी साधी रचना; ब्रुसेल्सच्या अल्बेर यांच्या नावाने ती ओळखली जाते. ती टाकाऊ मुळीच नाही. तुर्कस्तानातील वादक आजही ती आवडीने वाजवितात, कारण एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यास ती सोयीची आहे. परंतु बोटांची ठेवण निराळी. मास्तर बोम रचनेवर शिकविणारे आणि मुलाच्या हाती अल्बेरचे वाद्य, असे झाले तर दोघांचीही फजिती व्हायची. याउलट सातवी कडी किंवा नेहमीपेक्षा अधिक चाव्या दिसल्या, तर ते वाद्य कोणा जाणत्या वादकाने मुद्दाम मागवून घेतलेले असण्याचा संभव आहे.

अंग कशाचे, आणि धड आहे का?

उत्तम क्लॅरिओनेट आफ्रिकेतील एका काळ्या, जड लाकडाचे करतात. हे झाड आपल्या शिसवीच्याच कुळातले. लाकडाचे रेषेरेषेचे पोत उजेडात धरले असता आतल्या बाजूस दिसते, आणि स्पर्श गार काचेसारखा न वाटता थोडा ऊबदार वाटतो. दुसरा पदार्थ एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. उन्हापावसाने त्याचा काळा रंग हिरवट तपकिरी होतो, आणि बोटाने जोरात घासले तर गंधकाचा वास येतो. एबोनाइट म्हणजे हलके वाद्य, असा एक गैरसमज आहे. उष्ण देशांत लाकूड तडकते, म्हणून तिकडे जाणाऱ्या बँडांसाठी चांगली वाद्येही मुद्दाम एबोनाइटची करीत. प्लास्टिकची वाद्ये मात्र बहुधा शिकाऊच.

लाकडी वाद्याचा मोठा शत्रू म्हणजे चीर. ती बहुतकरून वरच्या तुकड्याच्या माथ्यापासून खाली उतरते. वाद्य खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात सावकाश फिरवावे. केसासारखी बारीक चीर पृष्ठभागावरच असेल, तर चांगला कारागीर ती बुजवितो, आणि वाद्य पुढे वर्षानुवर्षे चालते. परंतु चीर स्वराच्या भोकातून गेली असेल किंवा आतल्या पोकळीपर्यंत पोचली असेल, तर किंमत पुष्कळ उतरते. मेण अथवा काळे पॉलिश भरून चिरा झाकण्याची लबाडी होते. म्हणून ज्या जागी चकाकी अवाजवी दिसेल, तेथे नखाने हळूच तपासावे. भोकांच्या कडांचे टवके उडालेले असतील, तर पॅड नीट बसणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

चाव्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यांवर चांदीचा मुलामा असेल तर तो काळा पडतो. ती खराबी नव्हे, पुसली की जाते. हलक्या धातूच्या ओतीव चाव्या मात्र वाकविताच मोडतात, आणि त्या पुन्हा सांधणे कठीण. चावी बोटाने दाबून सोडावी. ती चटकन परत आली पाहिजे, आणि डावीउजवीकडे डुलता कामा नये. एखादी चावी वाकडी, एखादी दुसऱ्याच वाद्याची, अशी खिचडी दिसली, तर दुरुस्ती अडाण्याच्या हातची समजावी.

शेवटी हवेची परीक्षा. वरचा तुकडा घेऊन त्याचे खालचे तोंड तळहाताने बंद करावे, भोकांवर बोटे ठेवावीत, आणि वरच्या तोंडातून हवा ओढून घ्यावी. तुकडा तीन-चार सेकंद ओठांना चिकटून राहिला, तर पॅड व भोके धड आहेत. लगेच सुटला, तर कोठून तरी हवा गळते. माळ्यावरचे वाद्य या परीक्षेत बहुधा नापासच होते. पण त्यात घाबरण्याचे कारण नाही. पॅड, बूच आणि स्प्रिंगा ही झिजणारी सामग्री आहे. घराचे छप्पर शाकारतो, तशी ती अधूनमधून बदलावीच लागते.

मोल कसे ठरवावे?

आता सर्व परीक्षांचा मेळ घालू. आजच्या पट्टीचे, बोम रचनेचे, श्रेष्ठ जातीचे आणि चीर नसलेले वाद्य असेल, तर ते खरे धन आहे. त्याचे पॅड कुजलेले असले, तरी ते लाकडाच्या भावाने देऊ नये. शिकाऊ जातीचे पण धड वाद्य असेल, तर त्याचे मोल बेताचे; मात्र नवशिक्या मुलास ते उत्तम. उंच पट्टीचे वाद्य असेल, तर ते संग्राहकाच्या कामाचे किंवा घरच्या भिंतीवर आजोबांची आठवण म्हणून ठेवण्याच्या योग्यतेचे. मुलाच्या शिक्षणासाठी नव्हे.

भाव ठरविण्याची रीत सोपी आहे. त्याच जातीचे, वाजविण्यास तयार असलेले वाद्य बाजारात कितीला जाते, हे दोन-तीन ठिकाणी विचारावे. नंतर दुरुस्तीचा खर्च कारागिराकडून लिहून घ्यावा. पहिल्यातून दुसरा वजा करावा. जे उरेल, ते आपल्या वाद्याचे आजचे मोल. वाद्य हातात न घेता, केवळ नाव ऐकून जो भाव सांगतो, त्याच्यावर विसंबू नये. आणि घाई करणाऱ्यावर तर मुळीच नको.

परदेशी असलेल्या मुलाकडे वा नातेवाइकाकडे वाद्य पाठवावयाचे असेल, तर आणखी एक माहिती उपयोगी पडेल. शिसवीच्या कुळातील लाकडांवर २०१७ साली आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली आहे. तरीही वाद्याला हस्तिदंताचा भाग असल्यास आधी चौकशी करावी.

पेटी उघडल्यावर काय करू नये

पितळी समई घासतो, तशा या चाव्या चिंच, राख वा रांगोळीने घासू नयेत. मुलामा निघून जातो. मऊ कोरड्या फडक्याने पुसावे, इतकेच. लाकडी तुकडे पाण्यात बुडवू नयेत, उन्हात वाळत घालू नयेत, आणि घरातील शिवणयंत्राचे किंवा डोक्याचे तेल त्यांत ओतू नये. माउथपीस कोमट पाण्याने व साबणाने धुवावा. कढत पाण्याने त्याचा रंग व आकार बिघडतो. पावसाळ्यात तुकडे फुगून घट्ट बसले, तर जोर लावून पिळू नयेत, चाव्या वाकतात. वर्षानुवर्षे सुकलेले लाकूड एकदम ओलाव्याने तडकते, म्हणून दुरुस्तीनंतर पहिले काही आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटेच वाजवावे, आणि दर वेळी आतून फडके ओढून ओल पुसून काढावी. उपाशी माणसाला जसे हळूहळू जेवू घालतात, तसेच हे.

शेवटी एक गोष्ट सांगितल्याखेरीज लेखणी खाली ठेववत नाही. बाजारात वाद्य विकणारा परका असतो, पण पुष्कळदा तो आपल्याच पॅरिशमधला, आपल्याच आळीतला असतो. आपल्या वाद्याची पट्टी उंच आहे, हे ठाऊक असूनही जो ते शेजाऱ्याच्या मुलास खपवितो, तो केवळ पैसे घेत नाही. तो त्या मुलाचा आत्मविश्वास घेतो. खोट्या तराजूचा निषेध पवित्र शास्त्राने केला आहे, आणि स्वराचा तराजू काही त्याला अपवाद नाही. विकताना दोष आपणहून सांगावा. घेणारा त्यामुळे नाही म्हणाला, तरी आपली झोप शाबूत राहते.

आणि ज्या मुलाला "कान नाही" असे आपण म्हणून मोकळे झालो, त्याचे क्लॅरिओनेट एकदा खाली काढून फितीने मोजून पाहा. दोन सेंटीमीटर कमी भरले, तर त्या पोराला जवळ बोलावून सांगा : "बाळ, चूक तुझी नव्हती." मग कोणा जाणत्याला विचारून दुसरे, आजच्या पट्टीचे वाद्य पाहा. पुढल्या सणाच्या मिरवणुकीत तो कदाचित आपल्या आजोबांच्या जागी उभा असेल.